तांदळावरचं नाव

शीतघराचं दार सकाळच्या पाळीनं उघडलं, तेव्हा जितेंद्र आतून दारालाच टेकून बसलेला होता. बसलेला म्हणायचं एवढंच. दार बाहेर ओढलं तसा तो बसल्या आकारातच बाहेर कलंडला.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना संत्र्याचा गर काढायचा. नरखेडकडची संत्री यायची, गर डब्यांत भरायचा, आणि डबे या खोलीत दगडासारखे गोठून राहायचे. आत जायचं तर जाड कोट घालून, तेही कामापुरतं. जितेंद्र इथला स्टोअरकीपर. त्याचा कोट बाहेरच्या खुंटीवर तसाच लटकत होता.

पोलीस निरीक्षक भैरवी सबनीस आली. महाल वस्तीतल्या जुन्या कारकुनी घराण्यातली बाई. घरच्यांनी पिढ्यानपिढ्या लेखणी झिजवली, हिनं काठी घेतली. अंगानं सडपातळ, पण नजर अशी की समोरच्याचं पोटातलं ओठावर यावं.

"आतून दार उघडायला काहीच नाही?" भैरवीनं विचारलं.

"खटका हाय ना मॅडम. तुटला हाय," ऋषिकेश म्हणाला. कारखान्यातल्या कॅमेरा-खोलीचं काम त्याच्याकडे होतं. "तक्रार देल्ली हाय."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"आणि आता काय चालू आहे?"

"हिवाळा, मॅडम," तो खाली बघत म्हणाला.

"मग लोक आत कसे जायचे?"

"वीट लावून. फटीत वीट ठेवली का दार लागत नाई. आत मोबाईलबी चालत नाई, म्हणून वीट कोणी इसरत नाई."

वीट तिथंच होती. फटीत नाही, भिंतीशी. कोणीतरी नीट बाजूला सारून ठेवल्यासारखी. विटेला काही पाय फुटत नाहीत.

भैरवीनं दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बाहेरच्या कडेला पत्रा ताजाताजा ओरबाडलेला होता, जसं कोणी लोखंड घालून दार उचकवायला बघितलं असावं.

"हे सकाळच्या लोकांनी केलं?"

"नाई मॅडम. त्यायनं कार्ड लावलं, दार उघडलं."

ते ओरखडे भैरवीच्या डोक्यात राहिले, दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखे.

कॅमेरा-खोलीत पडद्यांची भिंत होती. दाराशी एक उंचापुरा माणूस हाताची घडी घालून उभा होता. उजव्या तळव्याला पट्टी.

"हे धर्मेंद्रभाऊ काळबांडे," ऋषिकेशनं सांगितलं. "माल बाहेर पाठवाचं काम पाहतात. जितेंद्रभाऊचे शाळेपासूनचे दोस्त."

"हाताला काय झालं?"

"कोहळं चिरताना लागलं, मॅडम," धर्मेंद्र म्हणाला. डोळे लाल होते. दोस्त मेल्यावर होणारच.

भैरवी पडद्याकडे वळली. "हे सगळं कसं चालतं? मला बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगा."

"मॅडम, हे सॉफ्टवेअर स्वतः काई पाहत नाई. हे दुसऱ्यायचं ऐकते. कॅमेऱ्यायचं ऐकते, दारावरच्या कार्डाच्या मशीनचं ऐकते, ऑफिसातल्या हजेरीच्या यादीचं ऐकते. तिघायचं मिळून इथं एका जागी दाखवते."

"म्हणजे गावातली चावडी."

"तसंच समजा."

"मग दाखवा. शीतघरासमोरचा कॅमेरा."

ऋषिकेशनं मान खाजवली. पडद्यावर शीतघरापुढची वाट दिसत होती, स्वच्छ, रिकामी. भिंतीवर गणपतीत लावलेली पताका होती. गणपती जाऊन किती दिवस झाले!

"उंदरायनं वायर कुरतडली," तो पुटपुटला. "चित्र तिथंच थिजलं हाय."

"चावडीवर एक आंधळा बसवलाय तर. दार तरी सांगा. सकाळच्या पाळीआधी शेवटी कोणी उघडलं?"

ऋषिकेशनं बटणं दाबली. "संध्याकाळी, पाळी सुटाच्या थोडं आधी. भूमिका रामाजी धोटे."

"बोलवा तिला."

"मॅडम," तो गोंधळून म्हणाला, "या नावाचं इथं कोणी कामालेच नाई."

कार्डाच्या मशीनकडे जुना फोटो होता. त्यानं तो मोठा केला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी, हसू दाबून बसलेली. ऋषिकेशचं तोंड उतरलं. त्यानं दाराकडे पाहिलं. धर्मेंद्र तिथं नव्हता.

"ह्या तर नीलाताई हायत," तो म्हणाला. "धर्मेंद्रभाऊची बायको. गर तपासाले, टेस्टिंगले असतात."

नीलाला दुपारी ठाण्यावर आणून बसवलं. शेजारी महिला शिपाई पंचफुला. साहेबांचा फोन येऊन गेला होता : संध्याकाळी अटक दाखवा, उद्या कोर्टात उभी करा. नाव सापडलं की साहेब लोकांची झोप परत येते.

"भूमिका धोटे कोण?" भैरवीनं विचारलं.

"मीच होती."

"होती म्हणजे?"

"लग्नाच्या आधी. आता नीला."

"जुनं कार्ड कुठे आहे?"

"हरवलं."

"कुठे?"

नीलानं नजर फरशीवर टाकली.

"जितेंद्रशी भांडण होतं?"

"झालतं. डब्यातला गर बरोबर नवता. संत्र्याचा वासच नाई. मी रिपोर्टात तसं लिहिलं. जितेंद्रभाऊ चिडले, म्हणे माया स्टोअरचं नाव खराब करते. मंग म्हणे, मी स्वतःच डबे उघडून पाहतो."

"आणि काल संध्याकाळी?"

"मी कंपनीच्या बसनं घरी गेली."

"बस सुटायच्या आधी शीतघर उघडलं गेलं. तुझ्या नावानं. माणूस आत कोंडला गेला. पोरी, तुझ्या मानेवर दोर आहे, आणि तू सांगतेस कार्ड हरवलं?"

नीलानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"हे आलते का मॅडम?" तिनं हळूच विचारलं.

"कोण, नवरा? नाही."

"येतील," ती म्हणाली. "येऊन सांगतील ते."

काय सांगतील, ते तिनं सांगितलं नाही. भैरवीनं खूप खोदलं. पाणी लागलं नाही.

भैरवी पुन्हा कारखान्यात गेली. साहेबांना न सांगता.

"ऋषिकेश, या पोरीनं दार लावलं आणि बसमध्ये बसली, असं धरू. मग दार उचकवायला कोण आलं?"

"मालूम नाई मॅडम. दाराच्या नोंदीत तर त्याच्यानंतर थेट सकाळपर्यंत काईच नाई."

"बस?"

गेटचा कॅमेरा धड होता. नीला बसमध्ये चढताना दिसली. खिडकीशी बसली. बस गेली.

"आता मला हे सांगा. नीला नावानं तिला नवं कार्ड मिळालं. जुनं नाव जिवंत कसं राहिलं?"

"मॅडम, मशीनले लग्न समजत नाई," ऋषिकेश म्हणाला. "बाई तीच, पण ऑफिसच्या यादीत नाव बदललं, बापाचं गेलं, नवऱ्याचं लागलं, आडनाव बदललं. सॉफ्टवेअरले वाटलं नवीन माणूस आलं. त्यानं नवीन खातं उघडलं. जुनं कोणी बंदच केलं नाई. ऑफिसच्या यादीत एक बाई, दाराच्या मशीनमधी दोन. हेडऑफिसातून लय बोलणे बसले आमाले, का तुमच्या याद्या जुळत नाईत. म्हणून तर काल म्या जुळवणी केली."

भैरवीची मान झटकन वर झाली. "काल कधी?"

"पाळी सुटली तेव्हा. घरी निघाच्या आधी. ऑफिसच्या यादीत जे नाव नाई, ते सगळ्या दारांवरून काढून टाक, असं बटण असते."

"म्हणजे भूमिका धोटे..."

"तेव्हाच गेली, मॅडम. म्हणून तर आता फोटो शोधाले जुन्यात जा लागलं."

"आणि त्यानंतर तेच कार्ड कोणी दाराला लावलं तर?"

"लाल दिवा."

"त्याची नोंद?"

"नोंद होते. पण नाव नसते ना. ज्या नोंदीले मालक नाई, ते सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवत नाई. एका कोपऱ्यात टाकून ठेवते. बेवारस म्हणतो आमी त्याले. कोणी पाहत नाई."

"आपण पाहू."

त्यानं बेवारसचा कोपरा उघडला. शीतघराचं दार. कार्ड नाकारलं. पुन्हा नाकारलं. पुन्हा. एकाखाली एक, जीव तोडून दार ठोकावं तशा ओळी. ऋषिकेशनं कार्डाचा नंबर पडताळला. भूमिकाचंच कार्ड.

"बस?" भैरवीनं विचारलं.

"बस तवा निघून गेलती, मॅडम." मग त्याला आणखी काहीतरी कळलं. "मॅडम, म्या जुळवणी केली नसती तर..."

"तुम्ही तुमचं काम केलं."

"त्यानं काय होते जी," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला तो उठलाच नाही.

भैरवी ठाण्यावर परतली तर तिच्या खुर्चीसमोर एक म्हातारी ठाण मांडून बसलेली. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पंचफुलानं हात टेकले होते.

"मॅडम, ही रुखमाबाई काळबांडे. नीलाची सासू. ऐकत नाई कोणाचं."

"ऐकाले मी काय तुयी सून हाय?" रुखमाबाई कडाडली. नरखेडची संत्र्याची बाग थोरल्या पोराला सोपवून ती धाकट्याच्या घरी वानाडोंगरीत राहायची. बाग सोडली होती, हुकूम सोडला नव्हता. "तूच का वं मोठी बाई? माया सुनेले काहून बसवून ठेवलं? काळबांड्याच्या घरची बाई ठाण्यात! लोकायच्या तोंडाले काय कुलूप लावू?"

"एका माणसाचा जीव गेलाय, आजी."

"गेला असन. माया सुनेनं नाई घेतला. ते मुंगी आली तर रस्ता सोडते. उलट मलेच राग येते तिच्या गरीबपणाचा."

"तिच्या नावाच्या कार्डानं दार उघडलं."

"कोणत्या नावाच्या?"

"भूमिका."

"हे नाव माया घरात कोणी घेत नाई," रुखमाबाई ताठ झाली. "भूमिका म्हणजे काय वं? भूमिका नाटकात राहते. म्या सांगतलं, आमच्या घरात सुनेचं नाव आमी ठेवतो. लग्नात ताटात तांदूळ पसरले, माया पोरानं, धर्मानं, अंगठीनं 'नीला' लिवलं, झालं. जुनं नाव तिथंच सरलं. त्या नावाच्या जेवढ्या वस्तू होत्या, शाळेचे कागद, बक्षिसाचा पेला, तेवढ्या म्या पेटीत घातल्या. किल्ली हे पाहा, माया कमरेले."

"कार्डसुद्धा?"

"कार्डबी. निळ्या पट्ट्याचं."

"नीला म्हणते कार्ड हरवलं."

"हरवीन कसं? माया घरात सुई हरवत नाई! पेटीतच होतं. धर्मानं मांगतलं, म्हणे आई, हे ऑफिसात जमा कराचं हाय. म्या माया हातानं..."

ती थांबली.

बाहेर रस्त्यावर कंपनीची बस भोंगा वाजवत गेली.

भैरवीनं सावकाश विचारलं, "आजी, तुमच्या घरी भाजी कोण चिरतं?"

"मी. नाई तर सून."

"धर्मेंद्र?"

"धर्मानं जन्मात इळीले हात लावला नाई." हे ती सवयीनं, लेकाच्या कौतुकानं म्हणून गेली. आणि मग तिचा चेहरा बघवेना. "हात फाटून आलता काल. मले म्हणे, पट्टी बांध. जेवलाबी नाई."

भैरवीनं कागद समोर ओढला, पण पेन उघडलं नाही.

"खरं सांगते, आजी. आता तुम्ही उठून गेलात तर माझ्याकडे काहीच नाही. कार्ड तुमच्या हातून कोणाच्या हातात गेलं, हे तुम्ही एकट्याच जाणता. सून बोलत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर उद्या ती कोर्टात उभी राहील. बोललात तर..."

"मले समजते," रुखमाबाई म्हणाली.

आतल्या खोलीत नीला भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसत होती. म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. परक्या घरातून आणलेली पोर. नाव काढून घेतलं, तरी तोंडातून ब्र काढला नाही. आणि हा पोटचा. दुपारपासून घरात पांघरूण ओढून पडलेला, बायको ठाण्यात आहे हे ठाऊक असताना.

"त्यानं सकाळी मले सांगतलं असतं ना बाई, तर म्या त्याले लपवलं असतं," रुखमाबाई म्हणाली. "खोटं काहून बोलू? आईच हाय मी. पण त्यानं तिले पुढं केलं."

तिनं कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"लिव. पण अंगठा नाई देनार मी. सही येते मले."

ऊन कलतं झालं तेव्हा भैरवी धर्मेंद्रला घेऊन शीतघरापुढं उभी होती. ऋषिकेश होता. रुखमाबाईला घरी जा म्हटलं तर ती म्हणाली, "जन्म म्या देल्ला, तर हेबी मीच पाहीन." ती भिंतीशी, त्या विटेजवळच उभी राहिली.

"धर्मेंद्रभाऊ, मी सांगते, चुकलं तर थांबवा," भैरवी म्हणाली. "तुमच्या बायकोचं जुनं नाव दाराच्या मशीनमध्ये जिवंत आहे, हे तुम्हाला कसं तरी कळलं. तुम्ही आईकडून कार्ड मागून घेतलं. जमा केलं नाही. ज्या नावाचा माणूसच नाही, त्या नावानं तुम्ही हे दार उघडायचात. संत्र्याच्या गराचे डबे बाहेर जायचे, त्यांच्या जागी दुसरे यायचे. त्यांत काय असायचं?"

धर्मेंद्रनं पट्टी बांधलेला तळवा मुठीत दाबला.

"सकाळी हाताचं विचारलं, तर तुमच्या तोंडून आलं, कोहळं. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडी डोक्यात घोळणारीच वस्तू येते. कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा गर होता ना? रंग तोच, वास नाही. तुमच्या बायकोनं तेच पकडलं. चोर घरात आहे हे तिला माहीत नव्हतं."

"नरखेडचा माल म्हणून कोहळं इकलं?" रुखमाबाई हळू म्हणाली.

"काल तुम्ही दारात वीट लावून डबे काढत होतात. उघडं दार दिसलं म्हणून जितेंद्र तसाच आत शिरला, कोटही न घालता. म्हणून त्याच्या कार्डाची नोंद नाही. त्यानं डबे बघितले. तुम्ही बाहेर आलात, वीट काढली, दार लागलं."

"म्या मारलं नाई त्याले!" धर्मेंद्र फुटला. "फक्त गाडी गेटबाहेर जाऊ द्याची होती. मंग उघडणारच होतो. पाय धरणार होतो त्याचे. शाळेत एका डब्यातून जेवलो आमी, मॅडम. आलो, कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. घडीभर आधी चाललेलं कार्ड, तवाच कसं मेलं?"

ऋषिकेशनं डोळे मिटून घेतले.

"मला पटतं," भैरवी म्हणाली. "बेवारस नोंदी तेच सांगतात. कोंडणारा मारायलाच आला असता तर उघडायला परत आला नसता. तुम्ही पहारही आणली. ती घसरली, हात फाटला. जितेंद्र आतून ठोकत होता?"

"हो."

"ऐकू येत होतं?"

"कॉम्प्रेसरचा आवाज होता... पण येत होतं."

"त्या वेळी तुमच्या गळ्यात काय होतं?"

धर्मेंद्रनं खाली पाहिलं. निळी पट्टी, तिला कार्ड. धर्मेंद्र काळबांडे, मालवाहतूक.

"लावा," भैरवी म्हणाली.

"मॅडम..."

"लावा म्हणते."

कार्ड मशीनला टेकलं. हिरवा दिवा. खटकन दार सुटलं, आणि फटीतून थंडी सगळ्यांच्या पायांवर आली.

"इतकंच करायचं होतं," भैरवी म्हणाली. "पण या दारानं तुमचं नाव लिहून ठेवलं असतं. मालक नसलेल्या नावानं जेवढं होईल तेवढं तुम्ही केलं. स्वतःच्या नावानं काही केलं नाही. कालही नाही, आणि आज बायकोला नेलं तेव्हाही नाही."

धर्मेंद्रनं आईकडे पाहिलं. "आई, तू तरी..."

"कार्ड कोणाले देल्लं, ते म्या सांगतलं," रुखमाबाई म्हणाली. "सही करून."

तिनं खाली वाकून वीट उचलली, उघड्या दाराच्या फटीत नीट बसवली, आणि कोणाचा हात न धरता गाडीकडे चालू लागली.

ठाण्यावर नीला अजून भिंतीकडेच तोंड करून होती. पंचफुलानं दार उघडलं आणि बाजूला झाली. रुखमाबाई उंबऱ्यात थांबली. लग्नापासून जे नाव तिनं घरात उच्चारू दिलं नव्हतं, ते तिनं जिभेवर आणलं.

"भूमिका."

पोरीनं वळून पाहिलं नाही. ऐकू गेलं नाही असं नव्हतं. ते आपलं नाव आहे, हेच तिच्या ध्यानात आलं नाही.

"नीला," म्हातारी म्हणाली. "चाल वं. सोडलं तुले."

नीला एकदम उठली. ठाण्यावर आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"आले का हे? म्या मॅडमले सांगतलंच होतं येतील म्हणून. सांगतलं ना त्यायनं?"

रुखमाबाईला जन्मात कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

"आणलं त्याले," ती म्हणाली. "सांगतलं म्या."

सुटका झालेली बाई पुन्हा खाली बसली.